दोन होड्यांच्या मधलं घर

लग्न होऊन मी पालीला आले तेव्हा बिंदुसरेच्या धरणात पाणी होतं. सासरची सगळी माणसं त्या पाण्यावर जगणारी. सासरे, थोरले दीर, माझा नवरा, तिघंही मच्छीमार संस्थेचे सभासद. माझं माहेर धर्मापुरीकडचं. आम्हीही भोयांचेच, पण आमच्या तळ्यात मासा कमी आणि गाळ जास्त, म्हणून वडील दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि आम्ही सगळे ट्रकमध्ये बसून त्यांच्यामागं. माझं लहानपण अर्धं गावात गेलं, अर्धं कारखान्याच्या तळावर. होडीत मी लग्नाआधी कधी पाय ठेवला नव्हता. आणि लग्नानंतरही नाही, कारण सासरी बायका बाजारात मासे विकायच्या, पाण्यात उतरायच्या नाहीत.

घर लहान, माणसं जास्त. सासू, सासरे, थोरले दीर आणि जाऊ, त्यांची लेकरं, धाकटे दीर. नवऱ्याशी माझं बोलणं म्हणजे पाणी काढलंय, भाकरी वाढलीय, एवढंच. तो पहाटे पाण्यावर जायचा, मासा आला की संस्थेचा टेम्पो घेऊन बीडला जायचा, कारण गाडी चालवता येणारा तोच एक. संध्याकाळी यायचा तेव्हा ओसरीवर सगळेच असायचे. मी त्याला बोलका माणूस समजतच नव्हते. त्यानंही मला काय समजलं असेल कुणास ठाऊक.

मग लागोपाठ पाऊस हुकला. धरणाचं पाणी आधी भिंतीपासून तुटलं, मग मधल्या खड्ड्यात गोळा झालं, मग चिखल झाला आणि शेवटी चिखलालाही भेगा पडल्या. संस्थेचे सभासद कुणी पुण्याला गेले, कुणी वीटभट्टीवर. टेम्पो संस्थेच्या शेडपुढं बाभळीखाली उभा राहिला. त्याच्या हौद्यात कोंबड्या बसायला लागल्या.

एक दिवस संस्थेच्या सचिवानं निरोप आणला. गोदावरीच्या मोठ्या धरणात अजून पाणी होतं. तिथल्या संस्थेची गाडी बंद पडली होती आणि काठावरनं बर्फाच्या शेडपर्यंत मासा न्यायला त्यांना वाहन हवं होतं. टेम्पो आणाल तर तुमच्या माणसालाही आमच्या पाण्यात जाळं टाकू देऊ, फक्त मासा आमच्याच काट्यावर घालायचा, असं त्यांचं म्हणणं. नवरा आणि धाकटे दीर जाणार असं ठरलं. एक होडी नवऱ्याची, दुसरी सासऱ्यांची. सासरे आता पाण्यावर जात नव्हते, त्यांच्या छातीत दुखायचं. पण निघायच्या आधी धाकट्या दिराला पुण्यात कंपनीत काम लागलं.

"मग हिला ने," सासूबाई म्हणाल्या. "तिला गाडीवरचा संसार ठावा हाय. भाकरी तरी करून घालंल."

"आन् दुसरी होडी?" नवऱ्यानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे संगं," सासरे म्हणाले. "एक फुटली तर दुसरी हाय."

आमच्याकडच्या होड्या पत्र्याच्या. लांब, अरुंद, एका माणसाच्या बसण्यापुरत्या. बीडमधला एक कारागीर त्या ठोकून द्यायचा. पाण्यावर त्या पानासारख्या हलक्या चालतात, पण जमिनीवर उचलायला दोन माणसं लागतात. आणि टेम्पोच्या हौद्यापेक्षा त्या लांब.

नवऱ्यानं त्या आधी सरळ हौद्यात घातल्या. मागचा फाळका उघडा ठेवला, बाहेर आलेल्या टोकांना तांबडं फडकं बांधलं. होड्यांच्या आत आणि मध्ये आमचं सामान, जाळी, चूल, पिठाचा डबा, अंथरूण. निघालो. पालीच्या बाहेर पडेपर्यंतच पत्र्यावर पत्रा असा आदळायला लागला की रस्त्यावरचे बैल बुजले. मागनं धूळ आत येत होती. पिठाच्या डब्याचं झाकण उडालं आणि सगळ्या सामानावर पीठ सांडलं. बीडच्या अलीकडंच त्यानं गाडी थांबवली.

"अशी न्हाई जमायची," तो म्हणाला.

मग हौद्यावर ताडपत्रीसाठी ज्या लोखंडी कमानी होत्या, त्यांच्यावर त्यानं दोन्ही होड्या पालथ्या घातल्या. रस्त्यानं जाणारे दोघंजण हात द्यायला आले. नायलॉनच्या दोरीनं मधोमध आवळून बांधल्या. मला ते बघून बरं वाटलं. गाडीच्या डोक्यावर दोन मासे झोपल्यासारखे दिसत होते. खाली आमच्यासाठी जागाही झाली.

बीड मागं टाकून गेवराईच्या मोकळ्या रस्त्याला लागलो तसं वारं सुरू झालं. वर काहीतरी घोंघावायला लागलं. मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसले होते. "कायतरी वाजतंय," मी म्हणाले. तो म्हणाला, "वारं हाय." एवढ्यात समोरनं एक टँकर आला, यानं ब्रेक मारला आणि वरची एक होडी सरकत सरकत पुढं येऊन काचेवर उतरली. एकाएकी अंधार झाला. समोरचं काही दिसेना. त्यानं कशीबशी गाडी कडेला घेतली.

आम्ही खाली उतरलो. पलीकडं जनावरांची छावणी होती, तिथली माणसं उठून उभी राहून बघत होती. दोघंतिघं हसलीही. नवरा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "माघारी जावं."

तोपर्यंत मी त्याला आपणहून काही सुचवलं नव्हतं. पण लहानपणापासून दरवर्षी मी टोळीच्या ट्रकवर संसार चढताना बघितला होता. कुठलं सामान खाली जातं, कुठलं वर, शेळी कुठं बांधायची, पाण्याचा हंडा कुठं अडकवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं.

"आमच्या टोळीच्या गाडीला बाजा कडंनं बांधायचे," मी म्हणाले. "उभ्या. बाहेरनं."

"बाज हलकी असती. हिचं वजन बघ."

"मग एक इकडनं, एक तिकडनं. तराजूवानी."

त्यानं मान वर केली. मला वाटलं आता हसतो. पण तो उठला आणि टेम्पोच्या भोवती एक फेरी मारून आला. थोडं पुढं पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार मुसलमान, दाढी पिकलेला. त्यानं आम्हाला ट्रकच्या फाटक्या ट्यूब दिल्या, त्या कापून आम्ही कमानींना गुंडाळल्या, म्हणजे पत्रा घासायला नको. दोन्ही होड्या आडव्या कडेवर उभ्या करून कमानींना बाहेरनं लावल्या. पोट बाहेर, तोंड आत. मी दोर आवळत होते, नवरा गाठी मारत होता. दुकानदार हात पुसत बघत उभा होता.

"बीचमें तो बांध लिया, भाभी," तो म्हणाला. "पण नाक आन् शेपूट सुटं ऱ्हायलं. वारं नाक धरून उचलतं. पुढनं बंपरला एक दोरी द्या, मागनं फाळक्याला एक."

तसं केलं. आणि त्या दिवसापासून होडी कधी हलली नाही.

मी मागं चढले आणि बघतच राहिले. हौद्याच्या लाकडी फळ्या कमरेपर्यंत होत्या, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी होड्यांच्या भिंती झाल्या होत्या. वरनं ताडपत्री. होड्यांचा पोकळ भाग आतल्या बाजूला, त्यामुळं त्याच्या खालच्या कडेवर वस्तू ठेवता येत होत्या. मी एका होडीत मिठाचा डबा, चहाची पुडी आणि कंदील ठेवला. दुसरीत माझी फणी, कुंकवाची डबी आणि आरसा. तो मागनं वाकून म्हणाला, "घरच केलंस की गं."

"मग? लावा आता तुमच्या गाडीला कुलूप," मी म्हणाले. आणि तो हसला. मोठ्यानं हसला. मला त्याचे मागचे दात पहिल्यांदा दिसले.

वाटेत माणसं आम्हाला थांबवून बघायची. त्या साली रस्त्यावर चाऱ्याच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर यांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि त्यात आम्ही होड्या घेऊन निघालेलो. नाक्यावर एका पोलिसानं दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "काय बे, दुष्काळात जहाज घेऊन कुठं निघाला?" नवरा म्हणाला, "पाणी हुडकायला, साहेब." पोलीस हसला नाही. "घावलं तर सांग," म्हणाला आणि जाऊ दिलं. एका गावात टँकरपुढं घागरींची रांग लागली होती. रांगेतली एक म्हातारी उठून आली आणि होडीच्या पोटावरनं हात फिरवला. "लई दिवसांनी बगितली," एवढंच बोलली. मी खाली उतरून तिच्याकडं प्यायला पाणी मागणार होते, पण रांगेकडं बघून तशीच थांबले. तिच्याकडं कसलं पाणी मागायचं?

धरणावर पोचलो तर पाणी खूप लांब गेलेलं. तिथल्या संस्थेचा चेअरमन उंच, पांढऱ्या टोपीतला माणूस. त्यानं गाडी बघितली, होड्या बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं. "बाईला खोली न्हाई हितं," तो म्हणाला. "बाया गावात ऱ्हात्यात, समद्या आपापल्या घरी."

"आमचं घर संगं हाय," नवरा म्हणाला.

धरणाच्या पोटात, उघड्या पडलेल्या जमिनीवर आम्ही टेम्पो नेला. जुनं बुडालेलं गाव वर आलं होतं. घरं नव्हती, फक्त दगडी जोती, एक पायऱ्यांची वाट आणि कळस नसलेलं देऊळ. एका जोत्याला लागून सपाट जागा होती, तिथं गाडी लावली. सकाळी होड्या सोडायच्या, पाण्यात घालायच्या. दुपारी मासा गाडीत घालून बर्फाच्या शेडला न्यायचा, काट्यावर घालायचा. संध्याकाळी होड्या परत गाडीला बांधायच्या. रोज बांधायची गरज नव्हती खरं तर. पण भिंती नसल्या की वारं आत यायचं, आणि मला त्या भिंतींची सवय झाली होती. त्यालाही झाली असावी, कारण दमून आला तरी तो म्हणायचा, "चल, भिंती लावू."

पाणी दर आठवड्याला मागं सरकायचं. आज जिथं होडी लावली तिथं पुढच्या बाजाराला चिखल. मग सगळं आवरायचं, होड्या चढवायच्या, गाडी पाण्याच्या मागं न्यायची. मला तो घर हलवायचा दिवस आवडायचा. चूल उचलायची, राख तिथंच ठेवायची, आणि नव्या जागी त्यानं फाळक्याकडचं दार कुठं करायचं हे मला विचारायचं. "उगवतीला का मावळतीला?" मी उगवतीला सांगायची. आख्ख्या आयुष्यात घराचं दार कुठं करू हे मला तेव्हाच विचारलं गेलं.

आणि आम्ही बोलायचो. काय बोलायचो ते सांगण्यासारखं नाही. त्याला लहानपणी मगरीची भीती वाटायची, आणि बिंदुसरेत मगर नाही हे कळायला त्याला दहावीपर्यंत जावं लागलं. त्याला नारायणगडाच्या जत्रेतली गुळाची शेव लई आवडायची आणि घरात सगळ्यांसमोर मागायची लाज वाटायची. एक ना दोन. जाळं दुरुस्त करत तो बोलायचा, मी भाकरी थापत ऐकायची. एकाच घरात इतके दिवस राहून मी या माणसाला बघितलंच नव्हतं, असं मला वाटायचं.

दुसरी होडी रिकामीच असायची. एक दिवस तो म्हणाला, "बस."

"कशात?"

"तुज्या मामंजींच्या होडीत. बस की. बगायला कोन हाय हितं?"

मी बसले तशी होडी एका अंगाला कलली आणि मी ओरडले. तो कमरेएवढ्या पाण्यात होडीची कड धरून उभा होता. "पाण्याकडं बगू नगं. लांब बग. देवळाकडं बग," तो म्हणाला. मी देवळाकडं बघितलं. होडी थांबली. त्यानं वल्हं हातात दिलं. पहिले काही दिवस मी नुसतीच गोल फिरत होते, आणि तो दुसऱ्या होडीतनं हसत होता. मग जमलं. मग इतकं जमलं की जाळ्याचं एक टोक त्याच्याकडं आणि दुसरं माझ्याकडं, असे आम्ही दोघं पाण्यावर जायला लागलो. चेअरमननं एकदा काठावरनं बघितलं. मला वाटलं आता बोलतो. तो म्हणाला, "जाळं जरा वर धर, बाई, तळाला जुनी झाडं हायती. फाटंल."

त्या पाण्यावर सकाळी बसलं की काठावरचा दुष्काळ दिसत नाही. पाणी, आभाळ आणि होडीच्या पत्र्याचा अंगाला लागणारा थंडपणा. माझी होडी. मी तिला तसंच म्हणायची, मनात.

पाऊस परतीचा पडला, आणि आमच्याकडं पडला. संस्थेच्या ऑफिसात फोन आला. बिंदुसरा भरली होती, सांडव्यावरनं पाणी चाललं होतं. नवरा धावत आला. त्यानं मला उचलून घेतलं, भर दिवसा, काठावर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही आनंद झाला, खरंच झाला. गावात बायका कोसभर पाण्याला जात होत्या, त्यात माझी जाऊही होती. पण रात्री सामान आवरताना मी फणी आणि आरसा होडीतनं काढला आणि हातात घेऊन नुसतीच बसले.

परतीच्या वाटेवर तो बडबडत होता. संस्था आता धरणात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडणार, कटला, रोहू, पुढच्या साली काय मासा निघंल. गेवराईच्या पुढं आल्यावर त्यानं विचारलं, "कावून गप हाय?"

"मामंजी होडी देतील का मला?"

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "इचारू."

त्यानं विचारलं. हे मी त्याच्यासाठी सांगते, त्यानं खरंच विचारलं, सगळ्यांसमोर, ओसरीवर. सासरे चिडले नाहीत. ते मला मुलीसारखंच वागवायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तिकडचं तिकडं, पोरी."

होडी थोरल्या दिरांच्या मोठ्या मुलाला मिळाली. त्याला अठरा पुरी झाली होती आणि संस्थेनं त्याला सभासद करून घेतलं. मी जावेबरोबर बीडच्या बाजारात मासे घेऊन बसायला लागले. नवरा पहाटे पाण्यावर जायचा, संध्याकाळी ओसरीवर यायचा. पाणी काढलंय, भाकरी वाढलीय. तो बदलला असं मी म्हणणार नाही. एखाद्या वेळी सगळ्यांच्या गर्दीतनं तो माझ्याकडं बघायचा आणि मला कळायचं की तो बोलतोय. पण बोलायला जागा नव्हती. ओसरीवर तेवढी जागाच नव्हती.

पुढं टेम्पो संस्थेनं विकला. पत्र्याच्या होड्या गेल्या, फायबरच्या आल्या. सासू-सासरे गेले. दीर वेगळे राहायला लागले, आणि आता आमच्या घरात आम्ही दोघंच आहोत. मुलं पुण्याला. जागा भरपूर झाली. आता आम्ही बोलतो, गुडघ्यांविषयी, मुलांच्या फोनविषयी. वाईट नाही. पण टेम्पोतला तो माणूस आणि होडीतली ती बाई, त्या दोघांना मी कुठंतरी सोडून आले असं वाटत राहतं. दुष्काळाचं नाव काढलं की लोक कानाला हात लावतात. लावावाच असा होता तो. पण माझ्या आत त्या नावानं काहीतरी वेगळंच हलतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला त्या बाजूला गेलो. लग्न लागल्यावर तो म्हणाला, "धरणावर जायचं का?" रिक्षा करून गेलो. धरण काठोकाठ भरलेलं. जिथं आम्ही उतरायचो तिथपर्यंत जायला रस्ताच नव्हता, रस्ता पाण्याखाली होता. संस्थेच्या शेडपाशी एक तरुण माणूस जाळं वाळत घालत होता. त्याला विचारलं, जुनं देऊळ कुठंशी होतं?

"त्यावर आता चार पुरुष पाणी हाय," तो म्हणाला. "आमच्या जन्माआधी एकदा वर आलतं म्हणत्यात. मी न्हाई बगितलं."

आम्ही धरणाच्या भिंतीवर उभे राहिलो. वारं होतं.

"पहिल्यांदा तिथं लावली होती गाडी," त्यानं हात करून दाखवलं. "त्या टेकडीच्या खाली."

"न्हाई," मी म्हणाले. "लई इकडं सांगताय तुमी. तिकडं, मावळतीला."

"अगं, दार उगवतीला होतं ना? मग सकाळी ऊन टेकडीवरनं यायचं."

"टेकडीवरनं न्हाई. पाण्यावरनं."

तो वाद घालत राहिला, मीही. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. तरी आमचं जमेना, घर नेमकं कुठं होतं ते.